उमरेड रोडवरचा सात मिनिटांचा थांबा

आजही उमरेड रोडने जाताना चढाच्या अलीकडचं ते टिनाचं छप्पर दिसलं की पॅडलवरचा माझा पाय आपोआप सैल होतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा गणवेशावर रक्त घेऊन घरी आलो. पण सगळ्यात मोठा तपास कोणता, असं कोणी विचारलं तर मी सायकलींच्या या प्रकरणाचं नाव घेतो. यात चाकू नव्हता, बंदूक नव्हती. एक रबरी टोपण होतं, करंगळीच्या पेरापेक्षा लहान. या तपासाचा मला अभिमान आहे आणि त्यातलीच एक गोष्ट मला अजून टोचते. दोन्ही सांगतो. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही, कारण यातली बरीच माणसं आजही सकाळी तुमच्या शेजारून सायकलवर जात असतील.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना शहराच्या दक्षिण टोकाच्या एका ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो. रक्तातली साखर वाढली, डॉक्टर रागावले, म्हणून सायकल घेतली. दर रविवारी पंधरा-वीस जणांचा एक ग्रुप उमरेड रोडने जायचा, त्यात मी शिरलो. त्या रस्त्यावर दीडेक किलोमीटरचा एक चढ आहे. नागपूर सपाट, त्यामुळे आम्ही त्याला मोठ्या कौतुकाने ‘घाट’ म्हणायचो. माझा जीपचालक साताऱ्याचा. तो एकदा म्हणाला, “सर, आमच्याकडं याला रस्ता म्हणत्यात.”

पण मोबाइलमधल्या ऍपला तो घाटच होता. ऍपने तो दीड किलोमीटर आखून ठेवला होता. तिथून कोणीही गेलं की त्याची वेळ मोजली जायची आणि सगळ्यांची नावं यादीत क्रमाने लागायची. बक्षीस नाही, हार नाही, फक्त नंबर. तरी माणसं त्या नंबरासाठी पहाटे उठायची, बायकोशी भांडायची, सेकंदासेकंदासाठी हळहळायची. मी हसून सांगतो आहे, पण पंचावन्न वर्षांवरच्यांच्या यादीत माझा दहावा नंबर लागला, त्या दिवशी ठाण्यात मी सगळ्यांना चहा पाजला होता.

तो नंबर मला मास्तरांनी मिळवून दिला. मास्तर म्हणजे आमच्या ग्रुपचे कर्णधार, शाळेत गणित शिकवायचे, वय चव्वेचाळीस. वारा अंगावर घेत ते पुढे चालवायचे आणि मला त्यांच्या आडोशाने ओढून न्यायचे. “चला सायेब, चाक सोडू नका!” असं ओरडायचे. त्या वर्षी मास्तर स्वतः तेराव्या नंबरावरून तिसऱ्यावर आले. हे प्रकरण फुटलं त्याच्या आधीच्या रविवारी मीच सगळ्यांसमोर म्हणालो होतो, “आता पहिला नंबर आपल्या ग्रुपच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही.” हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता आलेलं नाही.

ग्रुपमध्ये एक कोचही होता. आधी जिममध्ये शिकवायचा, आता सायकलवाल्यांना व्यायामाचे तक्ते करून द्यायचा. गोड बोलणारा, कोणाच्या पायात किती जोर आहे हे तोंडपाठ असणारा. चढाच्या अलीकडे भाड्याच्या प्लॉटवर टिनाची एक खोली होती, तिथे तो सायकलींची उंची बसवून द्यायचा.

त्या रविवारच्या दोन आठवडे आधीची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास मास्तरांची पत्नी ठाण्यात आली. मी तिला वहिनी म्हणायचो. सकाळची हजेरी झाली होती, आरोपी कोर्टात रवाना झाले होते, ठाण्यात जरा शांतता होती. तिने पदराच्या गाठीतून एक करडं रबरी टोपण काढलं आणि फाटक्या चिठ्ठीचा तुकडा टेबलावर ठेवला. चिठ्ठीवर इंग्रजीत छापलेलं एवढंच उरलं होतं: दोन ते आठ अंशांत ठेवा.

“भाऊजी, हे ह्यांच्या जर्सीच्या खिशात भेटलं. सुईचं टोपण आहे ना हे?”

“दिसतंय तसं.”

“मले काही बरोबर नाही वाटून राहिलं. डोकं दुखते म्हणते रोज. तोंड लालबुंद होऊन राहिलं. विचारलं तर अंगावर येते, म्हणते तुले काय समजते सायकलीतलं. तुम्ही पोलीस आहा, जरा पाहा ना.”

मी ते टोपण उलटसुलट केलं. मला संशय आला होता. इतक्या वर्षांचा पोलीस मी, सुईचं टोपण आणि लालबुंद तोंड एकत्र ठेवायला मला वेळ लागत नाही. पण त्याच क्षणी हेही मनात आलं की मास्तरांची सायकल बंद झाली तर रविवारी मला ओढणार कोण? आणि मी म्हणालो, “व्हिटॅमिनचं असेल, वहिनी. सायकलवाले घेतात. मी बोलतो त्यांच्याशी.”

“नक्की बोलसान?”

“नक्की.”

ठाण्यात कोणी तक्रार घेऊन आलं, साधी माहिती द्यायला आलं, तरी स्टेशन डायरीत नोंद होते. वेळ, नाव, काय सांगितलं, काय कारवाई केली. नव्या पोरांना मी हेच घोकून घ्यायचो. त्या दिवशी नोंद झाली नाही. टोपण आणि चिठ्ठी मी पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये टाकली, खोकल्याच्या गोळ्या आणि जुन्या शिक्क्यांच्या शेजारी. मास्तरांशी बोललोही नाही.

मग तो शुक्रवार आला. सकाळी आठला रामदासपेठेतल्या एका रुग्णालयातून ठाण्याला निरोप आला: सायकलस्वार रस्त्यात कोसळला, अपघाताच्या खुणा नाहीत, पोलिसांनी यावं. मी पोचलो तेव्हा मास्तरांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. डोळे उघडे होते. त्यांनी मला ओळखलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. “यांचं हिमोग्लोबिन एकोणीसच्या वर आहे. रक्त काकवीसारखं घट्ट झालंय, मेंदूत गुठळी अडकली. हे आपोआप होत नाही. किडनीच्या पेशंटना रक्त वाढवायला इंजेक्शन देतात, तसलं काहीतरी धडधाकट माणसाने घेतलंय. काय घेतलं, किती घेतलं, मला शोधून द्या. आणि इन्स्पेक्टरसाहेब, हा एकटाच घेत असेल असं मला वाटत नाही. आणखी कोणी या उन्हात जोर लावला तर शेजारच्या खाटेवर येईल. किंवा येणारही नाही.”

दोन दिवसांनी रविवार होता. बँकेत अधिकारी असलेला ग्रुपमधला एक जण त्या रविवारी चढाचा पहिला नंबर मारणार, अशी घोषणाच झाली होती.

बाहेर बाकावर वहिनी बसली होती. सासू आणि दीर उभे होते. दीर म्हणत होता, “घरात राहून बायकोले समजत नाही म्हणजे काय? लक्षच नाही ना!” वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे न बघता जीपकडे निघालो. तिने एका शब्दाने मला उघडं पाडलं असतं, पण ती गप्प राहिली, आणि ते गप्प राहणं मला कोणत्याही शिवीपेक्षा जास्त लागलं.

ग्रुपमधल्यांना एकेक करून बोलावलं. सगळ्यांचं उत्तर एकच: खारीक, बदाम आणि मेहनत. माझा अनुभव असा की पाच माणसं एकच वाक्य एकाच क्रमाने बोलली, की ते वाक्य त्यांनी एकत्र बसून ठरवलेलं असतं. पण अनुभवावर कोणाला रुग्णालयात नेता येत नाही.

गाठ सोडवली आमच्या पीएसआयने. पोरगी उमरेडची, बाप कोळसा खाणीत कामाला. सायकलचं तिला काडीचं वेड नव्हतं आणि तेच कामाला आलं. दुपारी ती माझ्यासमोर बसून माझ्याच मोबाइलवर सगळ्यांच्या राइड पाहत होती. या लोकांची एक सवय आहे: जी राइड ऍपवर चढली नाही ती झालीच नाही, असं ते मानतात. भाजी आणायला गेले तरी नोंद करतात.

“सर, हे प्रत्येकाच्या राइडले दोन टाइम काहून देते?”

मी जाणकाराच्या थाटात सांगितलं, “एक सायकल चालली तेवढा वेळ, दुसरा घरून निघाल्यापासूनचा सगळा. सिग्नलला थांबलो तर घड्याळ आपोआप थांबतं. आम्ही पहिलाच पाहतो, दुसऱ्याकडे कोणी पाहत नाही.”

“मंग हा मधातला टाइम कुठं गेला?”

मी पुढे झुकलो. मंगळवारच्या राइडमध्ये मास्तरांच्या दोन वेळांत सात मिनिटांचा फरक होता. त्याआधीच्या शुक्रवारी सात. त्याआधीच्या मंगळवारी साडेसहा. तिने नकाशावर बोट सरकवलं, वेग शून्य झाला ती जागा चढाच्या अलीकडची होती. मग बँकवाल्याची राइड उघडली. तीच जागा, तेच वार, सात मिनिटं. आणखी तिघांचं तसंच. मी फक्त रविवारी जायचो, म्हणून मला हे कधी दिसलं नव्हतं.

“पोहे खायले थांबत असतीन,” तिने मलाच तपासलं.

“चढाच्या आधी कोणी तर्री-पोहे खात नाही. परतताना खातात.”

या लोकांना वाटत होतं की घड्याळ थांबलं म्हणजे थांबाही पुसला गेला. घड्याळाने तर तो जपून ठेवला होता. आठ महिने, आठवड्यातून दोनदा, पाच माणसं स्वतःच्या हाताने पोलिसांसाठी पुरावा लिहीत होती.

ती जागा म्हणजे कोचची टिनाची खोली. तेव्हा मी ड्रॉवर उघडला आणि ते पाकीट तिच्या समोर ठेवलं. चिठ्ठीचा तुकडा वाचून ती म्हणाली, “दोन ते आठ अंश. म्हणजे फ्रीज पाह्यजे.” मग थांबून विचारलं, “सर, हे कुठून आलं?”

“नंतर सांगतो,” मी म्हणालो.

संध्याकाळ व्हायच्या आत औषध निरीक्षक आणि दोन पंच घेऊन आम्ही तिथे गेलो. टिनाची भट्टी झालेली, कूलर बंद, आणि कोपऱ्यात एक छोटा फ्रीज गुरगुरत होता. आत दही, लिंबाचं पाणी आणि संत्रा बर्फीचे दोन डबे. पंचांपैकी एक जण पानटपरीवाला होता, तो पुटपुटला, “बर्फी कोणी इतकी गारठवते का बाप्पा!” एका डब्यात बर्फी होती. दुसऱ्यात भरलेल्या सिरिंज ओळीने ठेवल्या होत्या, करड्या टोपणांच्या. औषध निरीक्षकांनी नाव वाचलं, मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन केला. मास्तरांच्या उपचाराला पहिल्यांदा दिशा मिळाली.

शनिवारी सकाळी कोच माझ्यासमोर होता. म्हणाला, “डबा माझा नाही. खोलीची चावी सगळ्यांजवळ आहे. मी फक्त तक्ते देतो, सायेब.” तासभर हेच. आवाज चढवून काही मिळणार नव्हतं. मी चहा मागवला आणि सायकलवर गप्पा सुरू केल्या.

“मास्तरांची मेहनतच दांडगी,” मी म्हणालो. “तेरावरून तिसरा. त्यात तुझं काय? तू नसतास तरी ते तिथेच पोचले असते.”

“नाही जी,” तो सावधपणे म्हणाला.

“अरे, मीच त्यांच्या मागे चालवतो ना. पायच तसे आहेत. तक्ते काय, कोणीही लिहील.”

“तक्त्यानं होते का ते?” तो उसळला. “चव्वेचाळीस वर्षांचा माणूस हाय तो! माझ्याबिगर मेला असता तेराव्या नंबरवर सडत. मी घडवला त्याले. आठ महिने मोजून मोजून...”

तो थांबला. पीएसआयने पेन टेकवलं होतं.

“काय मोजून?” मी विचारलं.

काही माणसं मार सहन करतात, भीती सहन करतात. आपलं श्रेय दुसऱ्याला गेलेलं मात्र त्यांना सहन होत नाही. कोचने मान खाली घातली आणि मग सगळं सांगितलं: औषध कोणाकडून बिलाशिवाय यायचं, कोणाला किती दिलं, कधीपासून. मास्तर आणि आणखी चौघं. दुपारपर्यंत त्या चौघांपैकी तिघं घरच्यांसोबत रुग्णालयात रक्त तपासायला पोचले. बँकवाल्याचा मोबाइल बंद होता. बायको म्हणाली, “मित्राकडं झोपतो म्हणाले, उद्या मोठी राइड आहे.”

म्हणून रविवारी पहाटे मी आणि पीएसआय चढाच्या पायथ्याच्या पुलापाशी उभे राहिलो. उजाडत होतं. तो एकटाच आला, कमरेत वाकलेला, तोंड तांबडं. त्याच्यावर गुन्हा नव्हता, अटक करायला कारण नव्हतं. मी आडवा उभा राहिलो.

“बाजूले व्हा ना सर. चार मिनिटांचं काम आहे.”

“उतर. आधी रक्त तपासू.”

“मले काही नाही झालं. मी एकदम फिट आहो.”

“गुरुवारी मास्तरही फिट होते.”

तो हसला. “हे तुम्ही म्हणून राहिले? पहिला नंबर बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे कोण म्हणालं होतं सर? आता काहून अडवता?”

पीएसआयने माझ्याकडे पाहिलं. पोलिसी खाक्या त्या क्षणी माझ्या काहीच उपयोगाचा नव्हता. माझ्याजवळ एकच गोष्ट होती, ती मी दिली. म्हणालो, “मीच म्हणालो होतो. आणि त्याच्या दोन आठवडे आधी मास्तरांची बायको सुईचं टोपण घेऊन माझ्याकडे आली होती. मला कळलं होतं. मला तो दहावा नंबर हवा होता, म्हणून मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. मास्तर आज बोलू शकत नाहीत. तू गेलास तर तुझ्या बायकोला काय सांगू, ते तूच सांगून जा.”

त्याने एक पाय जमिनीवर टेकवला. मग पॅडलमधून दुसरा बूटही मोकळा झाला, टक्कन आवाज आला. तो पुलाच्या कठड्यावर बसला. “डोकं चार दिवसांपासून दुखून राहिलं सर,” एवढंच म्हणाला आणि रडायला लागला.

त्याचं हिमोग्लोबिन अठराच्या वर निघालं. रक्त काढून ते कमी करावं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “चढला असता कदाचित. उतरला असता की नाही, सांगता येत नाही.” माझ्या नोकरीतली सगळी पदकं मी त्या एका वाक्यावरून ओवाळून टाकीन.

ठाण्यात परत आलो तेव्हा पीएसआय तपासाचे कागद लावत होती. मी म्हणालो, “माझा जबाब घे.”

“कशाचा सर?”

“टोपणाचा.”

तिने पेन खाली ठेवलं. “सर, तुम्ही साक्षीदार झाले तर तपास तुमच्याजवळून जाईन. चौकशीही लागन. टोपण खोलीत भेटलं असं...” ती मला वाचवायला बघत होती, आणि असा विचारही तिला करायला लावला याची मला लाज वाटली.

“लिही,” मी म्हणालो. “तारीख लिही, वेळ लिही. ती आली होती असं लिही. काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिही. मी नोंद केली नाही असंही लिही.”

तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला. वर्तमानपत्रात छायाचित्र त्यांचं आलं, आणि ते योग्यच होतं. मला चौकशीनंतर ताकीद मिळाली, वहिनी आली त्या तारखेसकट सेवापुस्तकात तशी नोंद झाली. ऍप मी जबाब दिला त्याच दिवशी काढून टाकलं होतं.

मास्तर तीन महिन्यांनी काठी घेऊन चालू लागले. शब्द अजून अडखळतात, पण पाढे बरोबर येतात. मी भेटायला गेलो तेव्हा घर भरलेलं होतं. सासू, दीर, शेजारपाजार. वहिनी चहा घेऊन आली. मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. ती म्हणाली, “माफी राहू द्या भाऊजी. तुम्ही पोलिसांत काय लिहून दिलं ते ह्या सगळ्यांना सांगा. मी सांगितलं तर कोणी मानून नाही राहिलं.”

म्हणून मी सांगितलं. अमुक तारखेला, सकाळी अकरा वाजता, ही बाई ठाण्यात आली. हिने टोपण दाखवलं. डोकं दुखतं, तोंड लाल होतं, हे हिने सांगितलं. हिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ऐकलं नाही ते मी. दिराने वहिनीच्या हातातला चहाचा ट्रे घेतला. सासूने सुनेचा हात धरून तिला शेजारी बसवलं. आणि खुर्चीतून मास्तरांनी डाव्या हाताने वहिनीकडे बोट केलं आणि एकेक अक्षर जुळवत म्हणाले, “हिचं... बरोबर... होतं.”

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, ठाण्याच्या पायऱ्या चढून आलेल्या माणसाने सगळं धैर्य घरूनच वापरून आणलेलं असतं. तुम्हाला फक्त ते लिहून घ्यायचं असतं. एवढं एक सोपं काम माझ्याकडून झालं नाही, म्हणून एक माणूस अर्धा झाला. चौघं वाचले, तेही खरं आहे.

माझं सेवापुस्तक आजही कोणी पाहायला मागितलं तर मी बक्षिसांची पानं उलटून थेट त्या ताकिदीच्या पानावर येतो. त्या पानाचा मला अभिमान वाटतो. वहिनी त्या दिवशी ठाण्यात आली होती, हे सरकारी कागदावर तिथेच लिहिलेलं आहे.